नऊ जणींचा खुलासा

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या खो-खो संघाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला, तेव्हा लातूरच्या पेपरनं ती बातमी छापली नव्हती. आमच्या क्रीडाशिक्षिका स्वतः स्कूटीवर जाऊन पेपरच्या जिल्हा कार्यालयात बातमीचा कागद आणि फोटो देऊन आल्या होत्या. आठ दिवस आम्ही रोज सकाळी होस्टेलच्या व्हरांड्यात पेपर येण्याआधी उभ्या राहायचो. क्रीडा पानावर क्रिकेट, क्रिकेट, आणि खाली कोपऱ्यात बुद्धिबळ. नवव्या दिवशी आम्ही नाद सोडला.

चार महिन्यांनी तो फोटो छापून आला. पहिल्या पानावर, तीन कॉलमी. बातमी मात्र आमची नव्हती.

नांदेडकडच्या एका कॉलेजात खो-खोचा एक प्रशिक्षक होता. सराव संपला की तो एखाद्या मुलीला काहीतरी कारण काढून थांबवून घ्यायचा, आणि एका मुलीवर त्यानं जबरदस्ती केली होती. त्या मुलीनं पोलिसांत जाऊन तक्रार दिली. बातमी मोठी होती आणि मोठ्या बातमीला फोटो लागतो. मुलीचा फोटो छापायला कायद्यानं बंदी. प्रशिक्षकाचा छापायला हरकत नव्हती, पण कुणी दिला नाही म्हणे. मग पेपरात कुणीतरी कॉम्प्युटरवर 'खो-खो मुली' असं शोधलं असणार, आणि आम्ही निघालो.

कायदा त्यांनी पाळला होता. आमच्या नवाच्या नऊ चेहऱ्यांवर धूसर गोल टाकले होते. नऊ मुली खांद्यावर कणकेचे गोळे घेऊन उभ्या आहेत असं दिसत होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ओळख लपवण्यासाठी छायाचित्र धूसर केले आहे.' कॉलेजचं नाव आमच्या छातीवर लिहिलेलं होतं, ते स्वच्छ वाचता येत होतं. आणि मधोमध उभे होते आमचे प्राचार्य. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात आमची ढाल, चेहऱ्यावर मोठं हसू. प्राचार्य मुलगी नसल्यामुळे त्यांना गोल मिळाला नव्हता. वरचा मथळा होता, 'क्रीडा क्षेत्राला काळिमा'.

त्या दिवशी पहिला तास झालाच नाही. प्राचार्यांच्या केबिनमधून फोनवर बोलण्याचा आवाज ग्रंथालयापर्यंत येत होता.

होस्टेलमध्ये आम्ही नऊ जणी एकाच पेपरावर वाकलो होतो. आमची कॅप्टन औशाची. तिला आम्ही आक्का म्हणायचो, कारण ती आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती आणि रागावली की जास्तच मोठी वाटायची. संघातली सगळ्यात धाकटी देगलूरकडची. तिनं बातमी पूर्ण वाचली आणि विचारलं, "आक्का, ह्या विनयला नेमकं काय झालंय? हात मोडलाय का पाय?"

"कोण विनय?"

"हे काय, विनयभंगाचा गुन्हा."

कुणी हसलं नाही. म्हणजे आधी हसलं नाही. मग आक्कानं तिला बाजूला घेऊन सगळं नीट समजावून सांगितलं. पेपरनं जे 'अनुचित प्रकार' या दोन शब्दांत गुंडाळलं होतं, ते आक्कानं सरळ शब्दांत सांगितलं. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मंग शब्द असा कशाला ठेवलाय? ह्याच्यात त्या माणसाचं तर काहीच येत न्हाई."

दुपारनंतर घरचे लोक यायला लागले.

माझं घर नांदेडजवळच्या उमरीत. वडील तिथल्या शाळेत शिक्षक. आईनं म्हणे चहा गाळताना फोटो पाहिला आणि गाळणं तसंच हातात धरून म्हणाली, "ही आपली हाय." धूसर गोळ्याखाली मी उभी होते ती एक पाय वाकडा टाकून, कारण गुडघा फुटला होता आणि त्यावर आईचाच जुना हिरवा रुमाल बांधला होता. जगात एवढ्या लोकांपासून माझी ओळख लपली असेल, पण गुडघ्याला गोल लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बाबा आणि मामा नांदेडवरून एसटीनं आले. येताना धपाटे आणले होते. होस्टेलच्या भेटीच्या खोलीत आम्ही बसलो.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"जेवले."

"झोप लागती का?"

"लागती की."

मामा खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघत होता. तो म्हणाला, "खेळात… म्हंजी… कोणी काही तसलं…"

"कसलं, मामा?"

"तसलं."

बाबांनी पिशवीतून पेपर काढला. त्याची घडी त्यांनी इतकी लहान केली होती की उघडायला वेळ लागला. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. "ही तूच ना?"

"हाव."

"मग?"

"फोटो माझा हाय, बाबा. बातमी माझी न्हाई."

बाबांनी डोळे मिटले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मग ते एकदम शिक्षक झाले आणि मामाकडे वळून फळ्यावर गणित सोडवावं तसं म्हणाले, "फोटो हिचा. बातमी दुसरीची. आलं का लक्षात?"

मामाला आलं नव्हतं. "मंग फोटो दिला कशाला?" तो म्हणाला.

आणखी आठ घरांतून माणसं आली. कुणी उदगीरहून, कुणी निलंग्याहून. एकीची आजी आणि आत्या जीप करून आल्या. होस्टेलच्या रजिस्टरमध्ये 'भेटीचे कारण' असा एक रकाना असतो. त्या दिवशीच्या पानावर त्या रकान्यात ओळीनं सगळ्यांनी एकच शब्द लिहिला होता: 'सहज'. भेटीच्या खोलीत इतके लोक सहज जमले की रेक्टर मॅडमना मेसमधून बाकडी आणावी लागली. सगळे एकमेकांना धपाटे, चिवडा, शेंगदाण्याची चटणी वाढत होते आणि कुणी कुणाला आपण का आलोय ते सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात खुलासा आला. चौकटीत, प्राचार्यांच्या कोट-टायमधल्या फोटोसह. 'सदर प्रकरणाशी प्राचार्यांचा काहीएक संबंध नसून ते शिक्षण क्षेत्रातील आदरणीय व्यक्तिमत्त्व आहेत.' आमच्याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं.

आक्कानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. "सर सुटले," ती म्हणाली. "आपण तिथंच अडकून पडलोय. चला."

पेपरचं कार्यालय मार्केट यार्डाच्या रस्त्यावर एका बी-बियाण्याच्या दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, आणि वर दोन ओळींत टेबलं. आम्ही नऊ जणी ट्रॅकसूटमध्येच गेलो होतो. खुर्च्या तीन होत्या आणि त्यांवर पेपरचे गठ्ठे होते. टेबलांच्या मधल्या बोळीत उभं राहिलं तर कुणाला जाता-येता येईना, म्हणून तिथल्या एका माणसानं सांगितलं, "बसा ना खाली, बसा." आम्ही बसलो. बोळ इतकी चिंचोळी की एकीनं उजवीकडं तोंड केलं तर दुसरीला डावीकडं करावं लागलं. बसल्यावर लक्षात आलं की आम्ही आठ जणी मैदानावर बसतो तशाच बसलोय, एकाआड एक उलट्या दिशेला. चौघींचं तोंड साहेबांच्या टेबलाकडे आणि चौघींचं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आणि नववी, आक्का, उभी.

जिल्ह्याचे मुख्य बातमीदार मऊ बोलणारे होते. डोळ्यांवर चष्मा, टेबलावर भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशिल्याची प्लेट. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ताई, तुमचे चेहरे दिसतच नाहीत."

"न दिसता आमच्या नवांच्या घरचे इथं आले, सर."

"घरचे तर ओळखणारच. बाकी कुणी ओळखलं का?"

"रिक्षावाल्यानं ओळखलं," धाकटी कॅलेंडरकडे बघत म्हणाली. तिला वळता येत नव्हतं.

"हे बघा, खुलासा द्यायला आमची ना नाही," ते म्हणाले. "पण फोटोत तुम्हीच आहात याला पुरावा काय? उद्या दुसऱ्या नऊ जणी येतील आणि म्हणतील आम्ही आहोत."

दुसऱ्या नऊ जणी कशाला असं म्हणतील, हे आक्कानं त्यांना विचारलं. त्यावर ते हसले आणि त्यांनी फोटोग्राफरला हाक मारली. खात्रीसाठी म्हणून आम्हाला भिंतीपाशी त्याच क्रमानं उभं केलं. मला पायसुद्धा तसाच वाकडा टाकायला लावला. फ्लॅश आला तेव्हा माझे डोळे मिटले. मग एका मुलानं वहीत आमची नावं, वर्ग, गाव सगळं लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, पुरावा म्हणून घेतायत. आम्ही खाली उतरलो, रसवंतीवर रस प्यायलो आणि खूश होतो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर आम्ही होतो. गोळे नाहीत, काही नाही. नऊ स्वच्छ चेहरे, त्यातला एक डोळे मिटलेला. खाली डावीकडून नऊ नावं, गावांसह. वर मथळा: 'आमच्यावर अत्याचार झाला नाही; महिला खो-खोपटूंचा खुलासा'.

आधीच्या फोटोवरून ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांना आता सगळं कळलं. होस्टेलचा फोन दिवसभर वाजत होता. निलंग्याच्या मुलीच्या काकांनी विचारलं की, झालं नाही तर सांगायची वेळ का आली. उमरीत आमच्या शेजारच्यांनी आईचं अभिनंदन केलं. नेमकं कशाबद्दल, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिनं त्यांना चहा दिला.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं. दोन दिवस नेलंच. मेसमध्ये ताटात भाकरी पडली की कुणीतरी म्हणायचं, "माझ्यावर अत्याचार झाला नाही, पण ही आमटी…" असलं काहीतरी. वय तसं होतं.

तिसऱ्या दिवशी धाकटी मोबाईल घेऊन पळत मैदानात आली. तिचा एक चुलतभाऊ नांदेडला होता. त्याच्याकडे व्हॉट्सॲपवर कुणाकडून तरी आलेलं त्यानं तिला पुढं पाठवलं होतं. आमच्याच खुलाशाचं कात्रण होतं. कॉलेजचं नाव, आमची नावं आणि गावं कापून टाकली होती. राहिला होता फक्त मथळा आणि आमचे नऊ चेहरे. त्याखाली त्या प्रशिक्षकाच्या कुणा चाहत्यानं लिहिलं होतं, 'मुलीच म्हणतायत काही झालं नाही. सरांना बदनाम करण्याचा डाव उघड.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

आम्ही सराव थांबवला. आक्का खांबाला टेकून बसली आणि कितीतरी वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिली.

ती मुलगी आम्हाला माहीत होती. नावगाव पेपरनं छापलं नव्हतं, पण खो-खोचं जग केवढं असतं. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत तिनं खांबाजवळ सूर मारून मला बाद केलं होतं आणि मग हात देऊन उठवलंही होतं. दोघी कॅप्टन म्हणून तिचा नंबर आक्काकडे होता. आक्कानं होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागं जाऊन फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आक्का, तुमचा खुलासा वाचला," पलीकडून आवाज आला.

"चुकलं आमचं," आक्का म्हणाली.

"तुमचं काय चुकलं? तुमच्यावर न्हाई झाला, तुम्ही तसं सांगितलं. पण आमच्या आईनं वाचलं ना. ती म्हणायली, त्या नऊ पोरींनी कसं पेपरात सांगून टाकलं काही झालं न्हाई म्हणून. तू बी जाऊन सांग. म्हंजे मिटंल."

चादरी फडफडत होत्या.

"तू काय म्हणलीस मग?" आक्कानं विचारलं.

"मी म्हणलं, मी खोटं सांगितलं तर मिटंल का? तर आई रडायली." मग ती म्हणाली, "ते जाऊ दे. त्या फोटोत डोळे मिटलेली ती गुडघेवालीच ना?"

"फ्लॅश होता," मी मागून म्हणाले.

तेव्हा ती हसली. आम्ही पण हसलो, आणि हसताना मला वाईट वाटत होतं. आजही तो फोन आठवला की दोन्ही होतं.

आम्ही पत्र लिहिलं. आमच्या खुलाशाचा त्या तक्रारीशी संबंध नाही, आम्ही वेगळ्या कॉलेजच्या आहोत, आणि आमचा त्या मुलीवर विश्वास आहे. नऊ सह्या. आक्का आणि मी ते घेऊन परत त्या जिन्यानं वर गेलो. मुख्य बातमीदारांनी वाचलं आणि परत दिलं. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, ताई. अशात आम्हाला कुणाची बाजू घेता येत नाही." त्यांच्या मागच्या भिंतीवर त्याच आठवड्याचा अंक लटकत होता. त्यात त्या प्रशिक्षकाला आजवर मिळालेल्या पुरस्कारांची अर्ध्या पानाची यादी होती. आक्कानं त्याच्याकडं बोट दाखवलं, तर ते म्हणाले, "ती पार्श्वभूमी आहे."

बाहेर पडताना दाराशेजारच्या टेबलापाशी जाहिरातीवाले काका बसलेले दिसले. समोर एक तरुण पुढारी कुठल्याशा समितीवर निवड झाल्याची स्वतःच्या अभिनंदनाची जाहिरात देत होता. त्याच्या मजकुरात बारा विशेषणं होती आणि काका ती एकही न वाचता घेत होते.

आक्का जिन्यातच थांबली. "अभिनंदन छापतात हे लोक," ती म्हणाली. "काही बी न बघता."

आम्ही वर्गणी काढली आणि दुसऱ्या दिवशी नवाच्या नऊ जणी काकांपुढं उभ्या राहिलो.

"अभिनंदनाची जाहिरात द्यायची हाय. नांदेडच्या अंकात."

काकांनी छापील अर्ज ओढला. "कुणाचं अभिनंदन?"

"एका खेळाडूचं."

"नाव?"

"नाव छापता येत न्हाई. कायदा हाय."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "फोटो?"

"तो बी न्हाई."

"बरं. निवड कुठं झाली?"

"निवड न्हाई झाली."

"मग वाढदिवस?"

"न्हाई. तिनं पोलिसांत तक्रार दिली."

काकांनी थोडा विचार केला. त्यांच्या अर्जात तेवढा एक ठरलेला साचा होता आणि त्यांनी त्यातच लिहायला सुरुवात केली. पुटपुटत लिहायची त्यांना सवय होती, म्हणून आम्हाला ऐकू आलं: "तक्रारदारपदी… बहुमताने… निवड झाल्याबद्दल…"

"पदी नको, काका," आक्का म्हणाली. "नुसतं, धाडसानं तक्रार दिल्याबद्दल."

त्यांनी खोडलं आणि लिहिलं. मग म्हणाले, "चौकट रिकामी दिसंल. फोटोच्या जागी गुलाब टाकू का?"

"टाका."

"आणि शुभेच्छुक? शुभेच्छुकांचे फोटो टाकले की भरल्यासारखं वाटतं. तुमचे आहेत आमच्याकडं."

"नको," आम्ही नऊ जणी एकदम म्हणालो.

जाहिरात रविवारी आली. एका बाजूला एका पतसंस्थेचे नवे चेअरमन, दुसऱ्या बाजूला एका बाळाचं बारसं, आणि मध्ये टपोरा गुलाब. 'धाडसाने तक्रार दिल्याबद्दल एका खेळाडूचे हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छुक: लातूरच्या नऊ जणी.' वाटचालीचं काकांनी स्वतःच्या मनानं घातलं होतं. मुख्य बातमीदारांनी म्हणे त्यांना खूप झापलं, आणि काका एकच सांगत राहिले, "साहेब, अभिनंदनच आहे, त्यात काय बघायचं?"

तिनं त्या पानाचा फोटो काढून आक्काला पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'आईनं कापून ठेवलंय. बारशासकट.'

पुढच्या महिनाभरात त्या प्रशिक्षकाच्या जुन्या संघांतल्या आणखी दोघी पोलिसांकडे गेल्या. आमच्या गुलाबामुळे गेल्या असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यातल्या एकीला मी नंतर भेटले तेव्हा ती म्हणाली, तिच्या घरी पेपर येतच नाही. ती त्या पहिल्या मुलीनं आधी तक्रार दिली म्हणून गेली होती.

आम्ही पास झालो, पांगलो. आक्का पोलीस भरतीत निवडली गेली आणि तिच्या निवडीची अभिनंदनाची जाहिरात तिच्या काकांनी सहा फोटोंसह दिली. मी बीपीएड करून नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षिका म्हणून लागले.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्रकारिता शिकणारी एक मुलगी मला शोधत आली. कॉलेजातल्या खेळांमध्ये पूर्वी झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरांनी कशा दिल्या, असा तिचा प्रकल्प होता. तिनं ग्रंथालयात बसून जुने अंक चाळले होते आणि झेरॉक्सचा गठ्ठा आणला होता. जिमखान्यात टेबल टेनिसच्या टेबलावर आम्ही ती कागदं पसरली. जाळीच्या इकडं आमचं प्रकरण, तिकडं बाकीची.

तिनं मला वाचून दाखवलं. त्या मुलीचं नाव छापलं नव्हतं, पण तालुका छापला होता, वडील काय करतात ते छापलं होतं, आणि ती कोणत्या खांबावर खेळायची तेही. एका बातमीत 'तिच्याकडे मोबाईल होता' हे असं लिहिलं होतं की जणू पंचनाम्यात चाकू सापडला.

"मॅडम, आता तुम्हाला एक दाखवायचं होतं," ती म्हणाली आणि जाळीच्या पलीकडचे कागद पुढं सरकवले. "तुम्ही पोहता का?"

"नाही. का?"

'जलतरण प्रशिक्षकावर गुन्हा'. खाली फोटो. नऊ मुली, खांद्यावर नऊ गोळे, मध्ये फेटा आणि ढाल. या वेळी प्राचार्यांनाही गोळा होता. निवृत्त होण्याआधी तो त्यांनी स्वतः आग्रह करून टाकून घेतला असावा. पुढचा कागद: ज्युडो. पुढचा: दुसऱ्या राज्यातली हॉकी. एक तर कुठल्याशा परदेशी विद्यापीठातल्या जिम्नॅस्टिक्सची बातमी होती आणि तिथंही माझा हिरवा रुमाल होता. प्रत्येकाखाली 'संग्रहित छायाचित्र'. इतकी वर्षं कुठंही काही झालं की पेपरवाले आम्हालाच काढत होते. दुसरा नंबर आल्याची बातमी सोडून आम्ही सगळ्या बातम्यांत होतो.

मी हसले. इतकी की डोळ्यांत पाणी आलं आणि ती मुलगी घाबरली. मी तिला पाणी दिलं, खरं तर तिनं मला द्यायला हवं होतं.

मग मी विचारलं, "निकालाची बातमी आहे का?" निकाल मला माहीत होता. खटला कितीतरी वर्षं चालला, ती प्रत्येक तारखेला गेली, उलटतपासणीला उभी राहिली, आणि त्याला शिक्षा झाली. त्यानं वर अपील केलंय. पण पेपरात मी ते कधी पाहिलं नव्हतं.

तिनं गठ्ठ्यातून शोधून काढलं. आतल्या पानावर, 'संक्षिप्त' या सदरात, पाणीपुरवठा बंद राहणार असल्याच्या बातमीखाली, चार ओळी. फोटो नव्हता.

त्या विद्यार्थिनीनं प्रकल्प दिला. तिच्या मार्गदर्शकांनी शेरा मारला की विषय चांगला आहे, पण छायाचित्रं आणखी हवीत. तिनं मला तो शेरा फोनवर वाचून दाखवला.

गेल्या महिन्यात उदगीरला शालेय मुलींच्या स्पर्धा होत्या. माझा संघ होता आणि पंच म्हणून ती आली होती, जिच्यासाठी आम्ही गुलाब छापला होता. ती आता तिकडंच एका शाळेत शिकवते, संध्याकाळी स्वतःचा खो-खो वर्ग घेते. केस बारीक कापलेत, गळ्यात शिट्टी. मला पाहिल्यावर आधी तिनं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं.

सामन्यात माझ्या संघातल्या मुलीनं खांबाजवळ सूर मारला आणि समोरचीला शिवलं. तिनं शिट्टी वाजवून फाउल दिला. म्हणाली, पाय रेषेबाहेर होता. मी बाहेरून म्हणाले, नव्हता. ती म्हणाली, मॅडम, मी इथं उभी आहे आणि तुम्ही तिथं. आम्ही एका गुणानं हरलो.

सामना संपल्यावर मंडपात ती माझ्यासाठी सुशिला घेऊन आली. मी प्लेट घेतली आणि म्हणाले, "पाय आतच होता."

"बाहेर होता."

"आत."

"खा आधी," ती म्हणाली. तिनं चप्पल काढून मातीत बोटानं रेष मारली आणि पाय नेमका कुठं पडला होता ते मला दाखवायला लागली.